कुसुमबाईचं मलम आणि माझा युरिया

दवनीवाड्यात उतरून कुसुमबाईचं घर विचारलं, तर कोणीही बोट दाखवील, आणि दाखवताना हसेल. "युरियावाली कुसुमबाई ना? विहाराच्या मागं जा." ही कुसुमबाई म्हणजे माझी मोठी माय, माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिला हे नाव पडलं ते माझ्यामुळे. गावाला ते ठाऊक नव्हतं, आणि सांगायला मी सात वर्षं लावली. आता सगळं सरळ सांगते. मध्येच कुठे मी स्वतःची बाजू घ्यायला लागले, तर माझं तेवढं ऐकू नका.

मोठी माय देवरीकडची. तिकडे मोहाची झाडं भरपूर. मोहाच्या बीला आम्ही टोरी म्हणतो, आणि टोरीचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. त्या तेलात मधाच्या पोळ्याचं मेण वितळवायचं, चिमूटभर हळद टाकायची, फडक्यातून गाळायचं आणि थंड होऊ द्यायचं. एवढंच तिचं मलम. रंग पिवळट, वास जरा उग्र. ती हे आपल्या आईकडून शिकून आली होती आणि लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात तिनं ते इथं केलं, कारण इथल्या बायकांचे पाय तिला बघवले नाहीत.

रोवण्याचे दिवस ज्यांनी काढले नाहीत त्यांना सांगते. बाई सकाळी बांधीच्या, धानाच्या खाचराच्या, चिखलात उतरते ती संध्याकाळी बाहेर निघते. दिवसभर वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवायचे. आठ दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, टाचा चिरतात, आणि त्या चिरांमध्ये चिखल शिरला की पाय टेकवत नाही. मोठी माय वीस बायकांच्या टोळीची म्होरकी होती. कामाला निघायच्या आधी सगळ्या तिच्या अंगणात यायच्या आणि ती एकेकीच्या पायाला स्वतः मलम लावून द्यायची. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका तर यायच्याच, पण गावातल्या ज्या बाया आमच्या घरचं पाणी प्यायचं म्हटलं की दहा कारणं सांगायच्या, त्याही निमूट पाय पुढं करायच्या. तिच्या मलमाला गावात असा मान होता. पैसे ती कधी घ्यायची नाही. तिचा एकच नेम होता, नवीन मलम केलं की आधी स्वतःच्या पायाला लावायचं, दोन दिवस बघायचं, मग दुसरीला द्यायचं.

आणि मी कोण? मी रचना. आमच्या खानदानात औषधांचं शिकलेली पहिली पोरगी. डी.फार्म. झाले आणि २००५ साली गोंदियाच्या बाजारात एका मेडिकलमध्ये लागले. शेठजींनी दोन महिन्यांत ओळखलं की या पोरीचं तोंड चालतं, म्हणून क्रीम आणि लोशनचा काउंटर माझ्याकडे दिला. गिऱ्हाईक विचारायचं, "मॅडम, इसमें और उसमें फरक क्या है?" मी अशी खुलायचे की विचारू नका.

फरक सांगायला मला खरंच आवडायचं. अजूनही आवडतं. डब्यावर लांबलचक नावं असतात, पण काम तीनच प्रकारचं. काही गोष्टी पाणी ओढतात, कातडीच्या खालच्या थरातून आणि हवेतूनही. ग्लिसरीन त्यातलं. काही गोष्टी कातडीच्या खपल्यांमधल्या फटी भरून ती मऊ करतात, जसं स्टिअरिक ॲसिड, लॅनोलिन, वेगवेगळी तेलं. आणि काही गोष्टी वरून झाकण घालतात, म्हणजे आतलं पाणी उडून जात नाही. पेट्रोलियम जेली, पॅराफिन आणि मेण यांचं काम ते. वास आणि रंग हे नुसते नटायला. ग्लिसरीन एकटं लावाल तर उन्हाळ्यात कातडी उलट ओढल्यासारखी होते, जेली एकटी लावाल, पण आत पाणीच नसेल तर झाकणार काय? महागाच्या बाटलीत आणि स्वस्तातल्या डबीत पहिली चार नावं पुष्कळदा तीच असतात, हेही मी शेठजींचं लक्ष नसेल तेव्हा सांगून टाकायचे. माझ्याकडे एक वहीच होती. एकेका क्रीमचं नाव, त्यात काय काय आहे आणि ते काय करतं. ती वही मी काखेत मारून फिरायचे, जणू कलेक्टरच.

२००६ च्या जून महिन्यात मी चार दिवस सुट्टी घेऊन घरी आले. मोठी माय अंगणात चुलीवर मलम करत होती, पाच-सात बाया भोवती बसल्या होत्या. मला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी मी वही काढली, बॅगेतल्या कंपन्यांच्या नमुन्याच्या ट्यूब काढल्या, आणि शिकवणी सुरू केली. सगळं सांगून झाल्यावर मोठ्या मायच्या गंजाकडे, चुलीवरच्या पातेल्याकडे, बोट दाखवून म्हटलं की याच्यात मऊ करणारं तेल आहे, झाकणारं मेण आहे, पण पाणी ओढणारं काहीच नाही. म्हणजे हे अर्धंच मलम आहे.

तीस वर्षं जे मलम त्या बायांचे पाय सांभाळत होतं, त्याला मी तिच्या अंगणात, तिच्याच चुलीपाशी बसून अर्धं म्हटलं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. पुष्पाबाई नावाची एक जण हसली आणि म्हणाली, बघा, आपण इतकी वर्षं अर्ध्यावरच काम चालवलं. मोठी माय ढवळत राहिली. मला तेव्हा वाटलं, पटलं तिला.

पटलंच होतं, हीच तर पंचाईत. बाया गेल्यावर दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. घरात आम्ही दोघीच होतो. तिनं एक ट्यूब उचलली आणि विचारलं की टाचेसाठी यातली कोणती चांगली आणि तिच्यात असं काय असतं. टाचेची क्रीम होती ती. मी म्हटलं, युरिया. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मी म्हटलं, थट्टा नाही, खरंच. पाणीही ओढतो आणि जास्त असेल तर जाड झालेली कातडी सोलून काढतो.

"बांधीत टाकतो, तोच युरिया?" तिनं विचारलं.

"हो, तोच," मी म्हटलं.

बस. एवढं बोलले मी. यापुढं जे बोलायला पाहिजे होतं ते मला येत होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी ते. क्रीममध्ये युरिया मोजून घालतात, शंभरात दहा-वीस. औषधाचा युरिया शुद्ध केलेला असतो, पोत्यातला नसतो. आणि चिरलेल्या, उघड्या जखमेवर तो लावायचाच नसतो, आग होते. यातलं एक वाक्यही मी बोलले नाही. "तोच" म्हटल्यावर तिचे डोळे जे मोठे झाले ना, ते बघण्यात मला एवढी मजा आली की पुढचं बोलून ती मजा घालवावीशी वाटली नाही. उलट तिनं विचारलं की लावून उघडं ठेवायचं का, तर मी शहाणपण पाजळलं की वरून प्लास्टिकची पन्नी गुंडाळली तर चांगलं मुरतं.

तिनं ती ट्यूब मागितली. नमुन्याची एकच होती, ती मला माझ्या मैत्रिणीला द्यायची होती. मी म्हटलं, पुढच्या खेपेला तुझ्यासाठी मोठी आणते. पुढच्या खेपेला विसरले. त्याच्या पुढच्या खेपेलाही विसरले. तिनं दोन्ही वेळा पिशवीकडे पाहिलं, आणि मी दोन्ही वेळा म्हटलं, अवो, राहूनच गेलं बघ.

जुलैत पाऊस झाला, पऱ्हे तयार झाले, रोवणा तोंडावर आला. मोठ्या मायनं पोत्यातला मूठभर युरिया पाट्यावर वाटला, पाण्यात कालवला, तो आपल्या मलमात घोटला आणि आपल्या दोन्ही टाचांना जाड थर लावला. वरून पन्नी बांधली. नेमाप्रमाणे आधी स्वतःला. टाचा आधीच चिरलेल्या होत्या. आग झाली तर तिला वाटलं, औषध लागतं आहे. दुसऱ्या दिवशी पन्नी काढून पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी टाचांची कातडी ओली होऊन निघून आली आणि तशा पायांनी ती बांधीत उतरली, कारण टोळीनं शेतमालकाला शब्द दिला होता.

मला निरोप आला तेव्हा तिचे पाय घोट्यापर्यंत सुजले होते आणि अंगात ताप होता. मी गोंदियाहून थेट सरकारी दवाखान्यात गेले. मोठेबाबा, म्हणजे खेमराज, तिचा नवरा, बाकाजवळ उभे होते. पुष्पाबाई आणि टोळीतल्या दोघी-तिघी होत्या. डॉक्टर जखम धूत होते आणि चांगलेच तापले होते. शेतातलं खत कोणी पायाला लावतं का, कोणी सांगितलं हे, असं त्यांनी विचारलं. दोनदा विचारलं.

मोठ्या मायनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच, तेही किती वेळ, डोळ्याची पापणी लवेल इतकाच. मी इस्त्रीचा सलवार-कुर्ता घालून उभी होते, हातात पर्स. डॉक्टरांना मी आत शिरतानाच सांगितलं होतं की मी फार्मासिस्ट आहे. मी पर्सकडे बघू लागले.

"कोनी नाई सांगतलं जी," ती म्हणाली. "माज्याच मनानं केलं."

इथपर्यंत तरी एक वेळ म्हणता येईल की पोरगी घाबरली. पण मी गप्पही बसले नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, शिकलेली म्हणून. त्या नजरांनी मला काय झालं कोण जाणे, मी तिच्यावर डाफरले.

"मोठी माय, असलं काही करायच्या आधी मला एकदा विचारायचं तरी ना."

हे मी बोलले. तिच्या तोंडावर बोलले. डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर, घरात जाणकार पोरगी असताना विचारायला काय होतं. मोठ्या मायनं मान हलवली आणि म्हणाली, चुकलं माझं. त्या वेळी धरणीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण मी तिथंच उभी राहिले आणि नर्सला मलमपट्टी कशी करायची ते विचारू लागले.

ती दीड महिना खाटेवर होती. तीस वर्षांत पहिल्यांदा तिचा रोवणा चुकला. टोळी पुष्पाबाईनं सांभाळली, आणि पुढं तिच्याकडेच राहिली. मोठेबाबांना राग एवढा आला होता की त्यांनी मलमाचा गंज उचलून उकिरड्यावर उलटा केला. जुनं चांगलं मलमही त्यातच होतं. पण ते ठेवलं असतं तरी आता घेणार कोण? बाया घाबरल्या. ही बाई कशात काय मिसळेल याचा नेम नाही, असं म्हणू लागल्या. ज्यांना आमच्या घरचं पाणी चालत नव्हतं त्यांना तर आयतंच कारण मिळालं. पुढच्या पावसाळ्यात तिनं पुन्हा टोरीचं तेल आणून मलम केलं, नुसतं जुनं, हळद-मेणाचं. अंगणात एक बाई फिरकली नाही. ते तिनं एकटीनं वापरलं. टाचा भरून आल्या, पण उजवी टाच नाजूकच राहिली. चिखलात दिवसभर उभं राहणं संपलं. आता ती शेताच्या धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधून देते, बाया तिला हाक मारतात, युरियावाली, दोन पेंड्या फेक इकडे. ती फेकते.

मी तिची माफी मागितली का? तर नाही. चार-पाचदा ठरवलं. एकदा खास त्यासाठी गेले, मोठी टाचेची ट्यूब घेऊन. ती तिनं घेतली, नीट पुसून फळीवर ठेवली, आणि मला चहा दिला. मी चहा पिऊन परत आले.

२०१० साली मी गावातच बसथांब्याजवळ स्वतःचं मेडिकल टाकलं. मग काय, रोजचंच झालं. टाचेची क्रीम मागायला आलेली बाई म्हणायची, "ताई, युरियावाली द्या, पन कुसुमबाईवाली नको." आणि हसायची. मीही हसायचे. गिऱ्हाईक हसलं तर आपण हसावं, धंद्याची रीत असते, असं मी मनाला सांगायचे. खरं सांगू, मला माझी लाज वाटायची, आणि लाज वाटते आहे म्हणजे आपण अगदीच वाईट नाही, याचं समाधानही वाटायचं. ते समाधान जास्त घाण होतं.

२०१३ च्या जानेवारीत समाज मंदिरात बचत गटांचा मेळावा होता. थंडीतली कातडीची निगा या विषयावर मला बोलायला बोलावलं. साठ-सत्तर बाया होत्या. मी टेबलावर डब्या आणि ट्यूब मांडल्या. पाणी ओढणारं, मऊ करणारं, झाकणारं, सगळं सांगितलं. ओल्या अंगावर लावा म्हणजे कमी लागतं, डबीचा दाम बघू नका, नावं वाचा. बाया मन लावून ऐकत होत्या. मोठी माय मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसली होती. तिला मीच आग्रह करून बोलावलं होतं, का ते आता मला सांगता येत नाही.

मग गुंजन उठली. कॉलेजात जाणारी पोर, चुणचुणीत. तिनं विचारलं, "ताई, क्रीममधला युरिया आणि शेतातला युरिया एकच असतो का?"

सगळा हॉल खो-खो हसला. सत्तर माना मागं वळल्या. मोठी माय पण हसली, दरवेळी हसते तशी. पोरीला काही ठाऊक नव्हतं, तिनं साधा प्रश्न विचारला होता. मोठ्या मायनं सात वर्षांपूर्वी विचारला होता तोच. मला एकदम असह्य झालं. हातातली ट्यूब खाली ठेवली आणि बोलायला लागले.

सगळं सांगितलं मी. की पदार्थ तोच असतो, पण मोजून आणि शुद्ध करून घालतात, आणि उघड्या जखमेला लावत नाहीत. की हे मला २००६ मध्येही माहीत होतं. की मोठ्या मायनं मला विचारलं होतं आणि मी तिला "हो, तोच" एवढंच सांगितलं होतं. पन्नी बांध, हेही मीच म्हटलं होतं. ट्यूब आणते म्हणून दोनदा आणली नव्हती. आणि दवाखान्यात तिनं माझं नाव घेतलं नाही तेव्हा मी वर तिलाच बोलले होते. चूक तिची नाही, माझी आहे, असं मी सत्तर बायांसमोर म्हटलं.

मग पुष्पाबाई उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पाहा वो बायांनो," ती म्हणाली, "पोरीचं मन पाहा. मोठ्या मायची हासी होऊन राहिली त सगळं आपल्या अंगावर घेऊन राहिली. शिकलेली पोर अशी पाहिजे."

टाळ्या सुरू झाल्या. मी म्हणत होते, नाही हो, खरंच सांगते आहे, मीच सांगितलं होतं तिला. तर टाळ्या आणखी वाढल्या. पहिल्या ओळीतल्या सुलोचनाबाईंनी उठून माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. फार्मसी शिकलेली पोरगी असलं सांगेल का कधी, असं कोणी तरी म्हणालं, आणि सगळ्यांना ते पटलं.

मी गर्दीतून वाट काढत मागं गेले. मोठ्या मायजवळ खाली बसले. तिचा हात धरला.

"तू तरी सांग ना यांना," मी म्हटलं. "तुला तर ठाऊक आहे."

तिनं हात सोडवून घेतला नाही. राग नव्हता तिच्या तोंडावर, असता तर मला बरं वाटलं असतं. हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं बोलली.

"मी सांगीन त म्हनतीन, चांगल्या पोरीवर ढकलून राहिली. त्या दिवशी दवाखान्यात मानलं असतं त्यांनी, बाई. आता कोन मानते?"

समोरून बाया हाका मारत होत्या, ताई, या ना, राहिलेलं सांगा. मोठ्या मायनं माझ्या हातावर थोपटलं.

"जाय," ती म्हणाली. "तुयी वाट पाहून राहिल्या."

मी उठले, टेबलापाशी गेले, आणि ग्लिसरीनची बाटली हातात घेऊन पुढचं सांगू लागले.